हालचालीची विद्या आणि विद्यापीठाचा उंबरठा

मुलगा किंवा मुलगी बारावीची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणजे घरात जी चर्चा सुरू होते, ती आपल्या सर्वांच्या परिचयाची आहे. वैद्यक, अभियांत्रिकी, वाणिज्य, कायदा अशी एकेक नावे घेतली जातात. शेजारच्यांची आणि नातलगांची उदाहरणे दिली जातात. अशा बैठकीत त्या मुलाने, 'मला शरीराच्या हालचालीचा अभ्यास करावयाचा आहे, त्याच विषयाची पदवी घ्यावयाची आहे,' असे म्हटले तर क्षणभर सारे स्तब्ध होतात. मग कोणीतरी वडीलधारे गृहस्थ विचारतात, 'अरे, उठणे, बसणे, चालणे, धावणे हे तर तान्हे मूलही आपोआप शिकते. त्यासाठी तीन-चार वर्षे विद्यापीठात घालवावयाची?'

हा प्रश्न थट्टेचा वाटला तरी थट्टेवारी नेण्यासारखा नाही. गेली दोनशे वर्षे युरोपात, अमेरिकेत आणि आपल्याही देशात जाणत्या माणसांनी तो पुनःपुन्हा विचारलेला आहे. शरीराची हालचाल हे केवळ कसब आहे की ते ज्ञान आहे? कसब असेल तर त्याची जागा आखाड्यात. ज्ञान असेल तर त्याची जागा विद्यापीठात. या एका प्रश्नाचा निवाडा कसकसा होत गेला, आणि ग्वाल्हेरच्या भूमीवर १९५७ साली त्याला कोणते वळण मिळाले, याची हकीगत आज आपल्यापुढे मांडण्याचा विचार आहे.

प्रारंभ झाशीपासून करू. वरसईचे विष्णुभट गोडसे हे भिक्षुक ब्राह्मण द्रव्यार्जनासाठी उत्तरेकडे गेले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्या दिवसांत झाशीत त्यांचा मुक्काम घडला. त्यांनी पुढे लिहून ठेवलेला 'माझा प्रवास' हा वृत्तांत १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला. त्यात राणी लक्ष्मीबाईंच्या दिनक्रमाचे जे वर्णन आहे, त्यात एक गोष्ट विशेष लक्षात राहते. राणीसाहेब पहाटे उठून मल्लखांबावर कसरत करीत आणि मग घोड्यावर बसत. ही विद्या त्यांना कोठून मिळाली असेल, हे ओळखणे अवघड नाही. त्यांचे बालपण ब्रह्मावर्तास, दुसऱ्या बाजीरावांच्या आश्रयाखालील मंडळींत गेले. आणि मल्लखांबाचे पुनरुज्जीवन ज्यांच्या नावाशी परंपरेने जोडलेले आहे, ते बाळंभटदादा देवधर हेही याच बाजीरावांच्या पदरचे. हैदराबादेहून आलेल्या दोन नामांकित पहिलवानांचे आव्हान बाळंभटदादांनी स्वीकारले आणि त्या कुस्तीच्या तयारीसाठी लाकडी खांब जवळ केला, अशी आख्यायिका आहे. आख्यायिकेचा भाग सोडून दिला तरी एवढे खरे की, पेशवाई गेली तेव्हा तिच्याबरोबर मल्लखांब गेला नाही. तो गुरूकडून शिष्याकडे चालत राहिला.

हे चालत राहणे कसे होते, हे नीट पाहिले पाहिजे, कारण आजच्या विषयाचे मर्म त्यातच आहे. तालमीतील वस्ताद फार बोलत नसे. शिष्याचा पाय चुकीच्या जागी पडला की तो काठीने त्या पायाला स्पर्श करी. खांद्यावर हात ठेवून तो खाली दाबी. आणि 'असे नव्हे, असे' एवढेच म्हणे. त्या 'असे'मध्ये पिढ्यांचा अनुभव साठलेला असे. उडी घेऊन जमिनीवर येताना गुडघे ताठ ठेवू नयेत, हे त्याला ठाऊक होते. मल्लखांबाला एरंडेल का लावावे, किती लावावे, हे त्याच्या बोटांना समजत होते. परंतु 'का?' असा प्रश्न शिष्याने विचारला तर उत्तर मिळे, 'माझ्या वस्तादांनी असे सांगितले.' कारण सांगता येत नव्हते, म्हणून चूक आणि बरोबर यांची निवड करण्याचे साधन शिष्याच्या हाती येत नव्हते. ज्या वस्तादाचा हात सोन्याचा, त्याच्या तालमीतून सोने निघे. आणि ज्याची समजूत चुकीची, त्याच्या तालमीत कित्येकांचे गुडघे आणि कंबरा कायमच्या जायबंदी होत. शिवाय वस्ताद गेला की त्याच्याबरोबर ते ज्ञानही चितेवर किंवा कबरीत जाई.

तेव्हा 'का?' हा प्रश्न कोणी आणि केव्हा विचारला? तो विचारण्याचा मान प्रथम वैद्यांना आणि गणित्यांना द्यावा लागतो. सतराव्या शतकात इटलीत बोरेली नावाचा गणिती होऊन गेला. प्राण्यांच्या हालचालीवरील त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८० आणि १६८१ साली दोन भागांत प्रसिद्ध झाला. हाडे म्हणजे तरफा, सांधे म्हणजे टेकू आणि स्नायू म्हणजे त्या तरफांना ओढणारे दोर, अशी कल्पना करून त्याने माणसाच्या चालण्याचे, ओझे उचलण्याचे आणि उडी मारण्याचे हिशेब मांडले. १८३६ साली जर्मनीत वेबर बंधूंनी माणसाच्या चालण्याच्या यंत्ररचनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १८७८ मध्ये अमेरिकेत मायब्रिज या छायाचित्रकाराने एका रांगेत अनेक कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची चित्रे घेतली आणि भरधाव धावताना घोड्याचे चारही पाय एका क्षणी जमिनीपासून सुटलेले असतात, हे डोळ्यांना दाखवून दिले. शतकानुशतके घोड्यावर बसणाऱ्या माणसाला आपल्या घोड्याचे पाय कसे पडतात हे नक्की ठाऊक नव्हते, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे. नित्य पाहिलेले आपल्याला समजलेले असतेच असे नाही.

परंतु ही सारी गणित्यांची आणि शास्त्रज्ञांची कामगिरी झाली. तिचा आणि व्यायामशाळेचा सांधा जुळला तो स्वीडनमध्ये. पेर हेन्रिक लिंग या तलवारबाजी शिकविणाऱ्या गृहस्थाने १८१३ साली स्टॉकहोम येथे राजाश्रयाने व्यायामशिक्षकांची एक मध्यवर्ती संस्था काढली. प्रत्येक व्यायामप्रकाराला शरीररचनेचा आधार असला पाहिजे, हा त्याचा आग्रह. त्याच्या काही समजुती पुढे टिकल्या नाहीत. पण व्यायामाच्या शिक्षकाने शरीराचे शास्त्र शिकले पाहिजे, हा नियम मात्र टिकला. लिंगच्याच संप्रदायातील गेऑर्गी याने १८५४ साली या विद्येला 'कायनेसिऑलॉजी' असे नाव दिले. ग्रीक भाषेत 'किनेसिस' म्हणजे हालचाल. तेव्हा आपण तिला शरीरगतिशास्त्र म्हणू. लिंगच्या संस्थेचा पदवीधर बॅरन निल्स पोस हा पुढे अमेरिकेत बोस्टन शहरी गेला, आणि हे नाव ज्याच्या मुखपृष्ठावर आहे असा पहिला ग्रंथ त्याने १८९४ च्या सुमारास प्रसिद्ध केला.

बोस्टनच्या शेजारीच हार्वर्ड विद्यापीठ. तेथे १८९१ साली शरीररचना, शरीरक्रिया आणि शारीरिक शिक्षण असा एकत्र पदवी-अभ्यासक्रम जॉर्ज फिट्झ या वैद्याच्या नेतृत्वाखाली सुरू झाला. विद्यार्थ्यांसाठी प्रयोगशाळा उघडण्यात आली. व्यायामाचा अभ्यास विज्ञानाच्या पदवीच्या तोडीचा मानला जाण्याचा हा फार मोठा प्रसंग होता. परंतु एकोणिसावे शतक संपता संपता तो अभ्यासक्रम बंद पडला. त्याच सुमारास बोस्टनमध्येच स्त्रियांसाठी काढलेली व्यायामशिक्षिकांची शाळा मात्र टिकली. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही शाळा पुढे १९०९ साली वेलस्ली या स्त्रियांच्या महाविद्यालयात विलीन झाली. पुरुषांच्या प्रतिष्ठित विद्यापीठाने ज्या विद्येला निरोप दिला, तिला स्त्रियांच्या महाविद्यालयाने घर दिले. मल्लखांबावर कसरत करणाऱ्या राणीचे स्मरण ठेवणाऱ्या आपल्यासारख्यांना यात नवल वाटू नये.

आता आपल्या देशाकडे वळू. हिंदुस्थानात शारीरिक शिक्षणाचे शिक्षक तयार करणारे आधुनिक पद्धतीचे महाविद्यालय १९२० साली मद्रास येथे वाय. एम. सी. ए. या संस्थेच्या वतीने हॅरी क्रो बक या अमेरिकन गृहस्थांनी सुरू केले. बक हे अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील महाविद्यालयात शिकलेले. अशा रीतीने स्टॉकहोमहून बोस्टनकडे आणि अमेरिकेतून मद्रासकडे या विद्येचा एक प्रवाह येऊन पोहोचला. पुढे हैदराबाद येथे १९३१ साली आणि लखनौ येथे १९३२ साली अशीच महाविद्यालये निघाली.

दुसरा प्रवाह आपल्या घरचा होता, आणि त्याचे एक मोठे उगमस्थान म्हणजे बडोदे. तेथे जुम्मादादांनी उभारलेला आखाडा त्यांचे शिष्य माणिकराव यांनी नावारूपास आणला. एकेकट्या पहिलवानाची तालीम जुनीच होती; शेकडो मुलांनी एका हुकुमासरशी एकत्र करावयाचा सांघिक व्यायाम आपल्या भाषेतील आज्ञांवर बसविण्याचे काम माणिकरावांनी केले. मोडलेली हाडे आणि निखळलेले सांधे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. म्हणजे शरीर घडविणे आणि शरीर दुरुस्त करणे या दोन्ही गोष्टी एकाच मांडवाखाली चालत. याच बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी १९३६ पासून पुढे दहा खंडांत मराठी 'व्यायाम-ज्ञानकोश' सिद्ध केला आणि १९५० मध्ये त्याचे सार इंग्रजीतही आणले. वस्तादांच्या हातात आणि जिभेवर जे होते ते कागदावर उतरविण्याचा तो प्रचंड उद्योग होता. हे दहा खंड मराठीत झाले आणि महाराष्ट्राबाहेर झाले, याचा अभिमान बडोदेकरांनी बाळगावा तेवढा थोडाच.

माणिकरावांच्या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक तरुण शिकत होता. बडोदे संस्थानातील डभोई हे त्याचे जन्मगाव. हाच तरुण पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आला. तालमीतील शिक्षण आणि महाविद्यालयातील शिक्षण ही दोन्ही पचविलेल्या या माणसाच्या मनात तोच 'का?' उभा राहिला. उड्डियान आणि नौली या क्रियांच्या वेळी पोटात नेमके काय घडते, हे पाहण्यासाठी १९२० नंतर बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी क्ष-किरणांचा आणि दाब मोजण्याच्या उपकरणांचा उपयोग केला. नौलीच्या वेळी मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. १९२४ साली लोणावळ्यास 'कैवल्यधाम' स्थापन झाले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू झाले. श्रद्धेने केलेल्या क्रियेला मोजपट्टी लावल्याने श्रद्धेचा अवमान होत नाही, हे त्यांनी आपल्या उदाहरणाने पटवून दिले.

तिसरीकडे, अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये स्थापन केलेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने देशी खेळांना शिस्त आणि पद्धती दिली. या मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगी देशी व्यायामप्रकार दाखविले, आणि १९४९ साली लिंगच्या स्मरणार्थ स्टॉकहोमला भरलेल्या व्यायाम-महोत्सवातही भाग घेतला. बाळंभटदादांचा मल्लखांब आणि लिंगची व्यायामपद्धती यांची ही गाठभेट लिंगच्याच गावात व्हावी, हा योग मनोज्ञ म्हटला पाहिजे.

असे दोन प्रवाह देशात वाहत असताना त्यांचा संगम घडविण्याची खटपट मुंबई इलाख्यात झाली. १९३७ मध्ये इलाख्याच्या सरकारने शारीरिक शिक्षणाच्या विचारासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद कुवलयानंदांकडे होते. आणि १९३८ साली कांदिवलीस शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी प्रशिक्षण संस्था निघाली. तिचे प्राचार्य म्हणून पी. एम. जोसेफ यांची नेमणूक झाली. हे नाव ध्यानात ठेवावे. त्याची गाठ पुन्हा पडणार आहे.

मात्र या साऱ्या संस्थांतून मिळणारे प्रमाणपत्र वा पदविका मुख्यतः वर्षभराच्या शिक्षणाची असे. आधी दुसऱ्या कोणत्यातरी विषयाची पदवी घ्यावयाची आणि मग वर, पुरवणी म्हणून, व्यायामाचे शिक्षण घ्यावयाचे, असा प्रघात होता. याचा परिणाम काय झाला, तो शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. माझ्या लहानपणी आमच्या शाळेतील ड्रिल मास्तरांना शिक्षकांच्या खोलीत दाराजवळची खुर्ची असे. गणिताचा तास राहिला की तो त्यांच्या तासातून वसूल केला जाई; पावसाळ्यात मैदान ओले झाले की त्यांना हजेरीपत्रके लिहावयास बसवीत. ते फार उत्तम शिक्षक होते. एकदा एका मुलाचा हात खांद्यातून निखळला असता त्यांनी त्याला ज्या शांतपणे सांभाळले, तसे त्या शाळेत दुसऱ्या कोणालाही साधले नसते. परंतु त्यांना जे येत होते ते 'ज्ञान' या सदरात मोडत नव्हते. ज्या विषयाला स्वतःची पदवी नाही, त्या विषयाच्या शिक्षकाला खुर्ची दाराजवळच मिळते.

स्वातंत्र्यानंतर ही उणीव राज्यकर्त्यांच्याही ध्यानात आली. १९४८ मध्ये डॉ. ताराचंद यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शारीरिक शिक्षणाचा विचार केला. १९५० मध्ये केंद्रीय सल्लागार मंडळ स्थापन झाले आणि १९५६ साली शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय योजना तयार झाली. पुढच्याच वर्षी स्वातंत्र्यसमराची शताब्दी आली. ज्या ग्वाल्हेरला १८५८ च्या जून महिन्यात राणी लक्ष्मीबाईंनी देह ठेवला, त्याच ग्वाल्हेरला १७ ऑगस्ट १९५७ रोजी लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू झाले. राणीचे स्मारक म्हणून भारत सरकारने उभे केलेल्या या महाविद्यालयात तरुण मुले जोर-बैठका काढू लागली, पोहू लागली, धावू लागली, आणि शरीराचे शास्त्र शिकू लागली. पहाटे मल्लखांबापाशी उभ्या राहणाऱ्या त्या स्वामिनीला याहून योग्य स्मारक कोणते असू शकेल?

महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होते, कांदिवलीचे तेच पी. एम. जोसेफ. आणि येथे जी गोष्ट घडली ती या साऱ्या हकीगतीतील कळीची गोष्ट होय. शालान्त शिक्षण संपविलेल्या विद्यार्थ्याला थेट प्रवेश देऊन तीन वर्षांची शारीरिक शिक्षणाची पदवी देण्याचा देशातील पहिला अभ्यासक्रम ग्वाल्हेरला सुरू झाला. आता व्यायाम हा दुसऱ्या पदवीच्या शेपटाला बांधलेला विषय राहिला नाही. तो स्वतःच्या नावाने विद्यापीठाचा उंबरठा ओलांडून आत आला. महाविद्यालय प्रथम उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाशी संलग्न होते, १९६४ मध्ये ते ग्वाल्हेरच्या जिवाजी विद्यापीठाकडे आले. १९७३ मध्ये त्याच्या नावात 'राष्ट्रीय' हा शब्द आला, १९८२ मध्ये त्याला स्वायत्तता मिळाली आणि १९९५ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा देण्यात आला. ज्या विषयाला विद्यापीठात जागा मिळेना, त्या विषयाचेच विद्यापीठ झाले!

आता कोणी विचारील की, अशा पदवीचा विद्यार्थी शिकतो तरी काय? शरीररचना, शरीरक्रिया, मानसशास्त्र, आरोग्यशास्त्र, खेळांचे नियम हे तर असतेच. पण या साऱ्यांना एका सूत्रात ओवणारा विषय म्हणजे शरीरगतिशास्त्र. त्याची दोन-चार उदाहरणे घेऊ.

हातात पाच किलोचे वजन घेऊन कोपर काटकोनात वाकवा. वजन कोपराच्या सांध्यापासून सुमारे पस्तीस सेंटिमीटर दूर आहे. पण ते पेलणारा दंडाचा स्नायू त्याच सांध्यापासून सुमारे पाच सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेला आहे. तरफेचा नियम लावला तर त्या स्नायूला पाचाच्या सातपट, म्हणजे पस्तीस किलोच्या भाराइतके बल लावावे लागते. हाताचे स्वतःचे वजन वेगळेच. मग निसर्गाने अशी तोट्याची रचना का केली? कारण यामुळेच स्नायू थोडासा आखडला तरी हाताचा पंजा मोठे अंतर वेगाने कापतो. दगड भिरकावणारा, चेंडू फेकणारा, तलवार फिरविणारा हात या 'तोट्या'तूनच जन्मला आहे. याउलट चवड्यांवर उभे राहा. येथे टेकू चवड्यांपाशी, भार घोट्यावर आणि पोटरीचे बल टाचेला. भार मध्ये असल्यामुळे पोटरीला सारे शरीर उचलण्याची सवलत मिळते.

उडीनंतर गुडघे मोडण्याचे कारणही असेच सोपे आहे. जमिनीवर आदळणारे शरीर थांबावयास जितका अधिक वेळ लागेल, तितका धक्का कमी. गुडघे मोडले की तो वेळ वाढतो. ताठ ठेवले की सारा धक्का सांध्यांवर आणि मणक्यांवर बसतो. आणि मल्लखांब? अढी घालून खांबावर टिकून राहणे हे मांड्यांच्या दाबामुळे निर्माण होणाऱ्या घर्षणावर अवलंबून असते. एरंडेलाने खांब किंचित निसरडा होतो, त्यामुळे फिरताना कातडी सोलवटत नाही; पण त्याचबरोबर पकड टिकविण्यासाठी स्नायूंना अधिक दाब द्यावा लागतो. कातडीचे रक्षण आणि मांडीची ताकद, अशी दोन्ही कामे एका तेलाने होतात. वस्तादाच्या बोटांना जे समजत होते, ते हेच.

म्हणजे विद्यापीठाने वस्तादाला खोटे पाडले नाही. बहुतेक ठिकाणी त्याच्या 'असे'ला त्याने 'का' जोडून दिले. आणि जेथे 'का' जुळेना, तेथे ती रीत सोडून देण्याचे धैर्य विद्यार्थ्याला दिले. हा लाभ लहान नाही. कारण माहीत असलेला शिक्षक बारा वर्षांच्या मुलाला आणि साठ वर्षांच्या गृहस्थाला एकच व्यायाम देणार नाही. लंगडत आलेल्या मुलीला 'नाटक करू नकोस' असे म्हणण्यापूर्वी तो तिची पावले पाहील.

परंतु श्रोतेहो, हकीगत येथे संपली असती तर ती फारच गोड झाली असती. उंबरठा ओलांडल्यावर नवी अडचण पुढे आली. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९६३ साली शिक्षकांच्या शिक्षणावर ग्रंथ लिहिला आणि त्यात शारीरिक शिक्षणाचे पदव्युत्तर अभ्यासक्रम बंद करावेत असे स्पष्ट मत दिले. त्याला उत्तर म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील फ्रँकलिन हेन्री या प्राध्यापकांनी १९६४ मध्ये निबंध लिहून प्रतिपादन केले की, मानवी हालचाल हा एक स्वतंत्र विद्याविषय आहे. तो शिकून कोणी शिक्षक होवो वा न होवो, त्याचे मोल कमी होत नाही. १९६७ साली कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाने शरीरगतिशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला, आणि या नावाने पदवी घेण्याची वाट मोकळी झाली. १९८९ मध्ये अमेरिकेतील शारीरिक शिक्षणाच्या विद्वत्परिषदेने या विद्याशाखेला 'कायनेसिऑलॉजी' हेच नाव द्यावे असा कौल दिला. आज उत्तर अमेरिकेत या नावाची पदवी घेऊन विद्यार्थी व्यायामोपचाराकडे, वैद्यकाकडे, खेळाडूंच्या शिक्षणाकडे आणि संशोधनाकडे जातात.

प्रतिष्ठा मिळाली, हे चांगलेच झाले. पण प्रतिष्ठेची एक किंमतही असते. नाव जसजसे शास्त्रीय झाले तसतसे पुष्कळ ठिकाणी मैदान दूर गेले. प्रयोगशाळेत धावपट्टीवर दुसऱ्याला धावावयास लावून त्याच्या श्वासाचे मोजमाप करणारा विद्यार्थी स्वतः धावेनासा झाला. ज्या बर्कलीने हा विद्याविषय असल्याची ग्वाही दिली, तेथील तो विभागच विसावे शतक संपण्यापूर्वी बंद करण्यात आला. याचा बोध मला असा वाटतो की, हालचालीच्या विद्येने आपले मैदान सोडले तर शेजारच्या मोठ्या शास्त्रांना ती परकी वाटत नाही; ती त्यांच्यात विरघळून जाते. शरीरक्रियेचा भाग वैद्यक घेऊन जाते, बलाचा भाग पदार्थविज्ञान घेऊन जाते, आणि मागे स्वतःचे असे काही उरत नाही. तिचे स्वतःचे असे जे आहे, ते मल्लखांबाच्या भोवती बसलेल्या मुलांत आणि त्यांना शिकविणाऱ्या माणसात आहे.

म्हणून ग्वाल्हेरच्या त्या पदवीचे महत्त्व मला विशेष वाटते. तेथे विद्यार्थ्याने तरफेचे गणितही करावयाचे होते आणि पहाटे मैदानावरही उतरावयाचे होते. स्टॉकहोमहून आलेले 'का' आणि बाळंभटदादांकडून आलेले 'असे' यांची भेट एकाच विद्यार्थ्याच्या अंगात व्हावी, अशी ती योजना होती. प्रत्येक वर्षी, प्रत्येक विद्यार्थ्यात ती सफल झाली असेल असा दावा कोणी करणार नाही. तरीही कसोटी म्हणून ती योग्यच होती आणि आजही योग्य आहे.

तर मग त्या वडीलधाऱ्या गृहस्थांना काय उत्तर द्यावे? मी त्यांना म्हणेन, 'काका, तान्हे मूल चालावयास आपोआप शिकते हे खरे. बोलावयासही ते आपोआपच शिकते. म्हणून आपण व्याकरण आणि साहित्य विद्यापीठातून काढून टाकले नाही. आपल्या वयाला गुडघा धरून जिना उतरताना, किंवा नातीची पाठ दप्तराने वाकलेली पाहताना, ज्याला नेमके काय बिघडले ते समजते आणि ते कसे सुधारावे हे स्वतः करून दाखविता येते, असा माणूस घरात असावा असे आपल्याला वाटत नाही काय?'

आणि त्या मुलाला, किंवा मुलीला, एवढेच सांगेन: पदवी अवश्य घे. पण पदवीदानाचा झगा उतरल्यावर पुन्हा मैदानावर जा. तुझ्या शाळेत दाराजवळची ती खुर्ची अजून असेल, तर ती उचलून आत, सर्वांच्या बरोबरीला नेऊन ठेव. त्या खुर्चीवर एकेकाळी बसलेल्या माणसाला 'का' सांगता येत नव्हते. 'असे' मात्र त्याला येत होते. तुला दोन्ही आले, म्हणजे त्याचेही ऋण फिटले.